बोगद्यापलीकडचा हिवाळा

मनालीच्या उत्तरेस रोहतांगची खिंड आहे. तिची उंची ३,९७८ मीटर. या नावाचा अर्थ ‘प्रेतांची रास’ असा सांगितला जातो. हिवाळ्यात पायी खिंड ओलांडताना ज्यांचे प्राण गेले त्यांची आठवण त्यामागे असावी. खिंडीपलीकडे चंद्रा नदीचे खोरे लागते. हाच लाहौलचा प्रदेश. पूर्वी हिवाळ्याचे पाऊल पडले की खिंडीवर बर्फ साचू लागे आणि वर्षातील सुमारे सहा महिने लाहौलचा रस्ता बंद होई. त्या काळात खिंडीच्या अलीकडे मढी आणि पलीकडे कोकसर येथे प्रशासन बचाव चौक्या उभारीत असे. आजारी माणसाला कुलूस न्यायचे तर घरच्यांना हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे, आणि हेलिकॉप्टरला हवामानाची.

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि ही परिस्थिती पालटली. ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याने मनाली ते लेह हे अंतर ४६ किलोमीटरने कमी केले. त्याचे दक्षिणेकडील तोंड मनालीपासून सुमारे २५ किलोमीटरवर, ३,०६० मीटर उंचीवर आहे. उत्तरेकडील तोंड सिस्सू गावाच्या अलीकडे उघडते. देवदाराच्या हिरव्या उतारावरून आत शिरलेले वाहन दहा-पंधरा मिनिटांत एका वेगळ्याच, उघड्या-बोडक्या आणि शुभ्र जगात बाहेर पडते. सिस्सूहून पुढे तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या एकत्र येतात. त्यांच्या संगमातून होणाऱ्या चंद्रभागेलाच पुढे चिनाब म्हणतात. पंढरपूरच्या वाळवंटात उभे राहून जे नाव महाराष्ट्राने शतकानुशतके घेतले, ते इतक्या उत्तरेस बर्फाच्या काठांमधून वाहताना पाहून मराठी माणूस क्षणभर थबकतो.

आता नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या गाड्याही तेथे दिसतात. व्यापारी कुटुंबांना हा काळ सोयीचा असतो. दिवाळीचा हंगाम उरकलेला असतो, मुलांच्या शाळेला सुट्टी असते, आणि आजी-आजोबांसह सात-आठ जणांचे बिऱ्हाड निघायचे तर आपली गाडी बरी वाटते. बरोबर आपला डबा, खाकरे, पिण्याचे पाणी घेता येते. कोठे थांबायचे आणि काय खायचे हे आपल्या हाती राहते. हा विचार योग्यच आहे. परंतु बोगद्याने केवळ खिंड टाळली आहे, हिवाळा टाळलेला नाही. जानेवारीत सिस्सू आणि केलाँग येथे रात्रीचे तापमान उणे १० अंशांच्या खाली जाणे ही नित्याची गोष्ट आहे. मैदानातून आलेली गाडी त्या रात्री उघड्यावर उभी असते, आणि मैदानातून येताना तिने पोटात काय आणले आहे, याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी होतो.

सकाळचे चित्र बहुधा असे असते. डिझेलची गाडी एका झटक्यात सुरू होते, तीन-चार मिनिटे चालते, अडखळते आणि बंद पडते. पुन्हा सुरू केली तर स्टार्टर फिरतो, पण इंजिन धरत नाही. चालकाला वाटते, पंप गेला. वास्तविक काहीच मोडलेले नसते. डिझेलमध्ये मुळातच मेणासारखे घटक असतात. ऊब असेपर्यंत ते विरघळलेले राहतात; थंडी वाढली की त्यांचे बारीक स्फटिक होतात आणि ते प्रथम फिल्टरच्या जाळीवर बसतात. नळीत आणि फिल्टरपुढे जेवढे इंधन शिल्लक असते तेवढ्यावर इंजिन चालते. ते संपले की थांबते. टाकी भरलेली असूनही गाडी उपाशी राहते. थंडी आणखी वाढली तर सारे डिझेलच साजूक तुपासारखे थिजते.

भारतीय मानकानुसार उन्हाळी डिझेलचे वाहणे थांबण्याचे तापमान १५ अंशांपर्यंत आणि हिवाळी डिझेलचे ३ अंशांपर्यंत चालते. या कमाल मर्यादा आहेत; पंपावर मिळणारे डिझेल त्याहून बरे असू शकते. तरीही मैदानी मुलखासाठी ठरवलेली ही मर्यादा उणे १५ अंशांच्या रात्रीला पुरणारी नाही, हे साध्या वजाबाकीने कळते. लडाखच्या लोकांनी ही अडचण वर्षानुवर्षे सोसली. तेथील चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळीत, तर काही ट्रकवाले पहाटे टाकीखाली जाळ करीत. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होणारे हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. इतक्या साध्या वाटणाऱ्या सोयीसाठी एका प्रदेशाला किती हिवाळे वाट पाहावी लागली, हे पाहिले म्हणजे मैदानातील माणसाने पंपावर उभे राहून कुरकुर करू नये असे वाटते.

रॉकेलचा जुना उपाय आजच्या गाड्यांना मानवत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत इंधन अतिशय मोठ्या दाबाने सोडले जाते. त्या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते आणि रॉकेलमध्ये तो गुण फार कमी असतो. एका सकाळची अडचण टळते, पण पंपाचे आयुष्य घटते. जाळ करण्याचा विचार तर प्लास्टिकच्या नळ्या आणि टाक्या असलेल्या गाडीपाशी कोणी मनातही आणू नये. डिझेल पातळ ठेवणारे रसायन बाजारात मिळते, पण ते थिजण्यापूर्वी, ऊब असताना टाकीत पडले तरच उपयोगाचे. दराचा फरक पाहून खालीच टाकी काठोकाठ भरून घेण्याची हिशेबी सवय येथे आड येते. मैदानातील डिझेल वाटेत शक्य तेवढे संपू द्यावे आणि शेवटचे इंधन डोंगरातल्या पंपावर, हिवाळी डिझेल आहे का हे विचारून, भरावे.

आणि थिजलेच तर? उपाय नीरस आहे. गाडी उन्हात येईपर्यंत थांबावे, किंवा ढकलून एखाद्या आडोशाच्या शेडमध्ये न्यावी. फिल्टरभोवती कोमट पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळावी. उकळते पाणी ओतू नये. सिस्सूसारख्या खोल खोऱ्यात सूर्य डोंगराआडून उशिरा वर येतो, म्हणून दुपार होऊ शकते. त्या वेळात पुनःपुन्हा किल्ली फिरवीत राहिले तर डिझेलची अडचण सुटण्याआधी बॅटरी संपते, आणि एकाच्या दोन अडचणी होतात. दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ स्टार्टर फिरवू नये आणि दोन प्रयत्नांत मिनिटभराचे अंतर असावे, हा मिस्त्रींचा नियम आहे.

बॅटरीची गोष्ट थोडी निराळी आहे. पेट्रोलच्या गाडीला इंधन थिजण्याचे भय नसते, पण बॅटरी तिलाही आहेच. शून्याखाली १५-२० अंशांवर बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, आणि घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवायला जोर मात्र दुप्पट लागतो. पुण्या-सोलापुरात चार वर्षे निमूटपणे चाललेली बॅटरी लाहौलमध्ये पहिल्याच रात्री हात टेकते ती यामुळे. पूर्ण भरलेली बॅटरी तेथील थंडीत गोठत नाही. परंतु उतरलेल्या बॅटरीतील आम्लाचे प्रमाण पाण्याच्या जवळ गेलेले असते आणि ती उणे सात-आठ अंशांनाही गोठू शकते. फुगलेली, गोठलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या तारा लावून जागी करण्याचा प्रयत्न धोक्याचा आहे, ती फुटू शकते. धड बॅटरीला तारा लावताना शेवटचे काळे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावायचे असते. धक्का मारून गाडी सुरू करण्याची आपल्याकडची रीत तेथे कामी येत नाही, कारण बर्फावर चाक फिरण्याऐवजी नुसते घसरते. अति थंड मुलखातील जुने चालक रात्री बॅटरी काढून चुलीच्या खोलीत ठेवीत. आजच्या संगणकी गाड्यांत तेही मिस्त्रीला विचारल्याशिवाय करू नये.

सर्वांत महागडे नुकसान मात्र पाण्याचे असते. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात रेडिएटरची पातळी खाली गेली की पंपावरचा मुलगा साधे पाणी ओततो, आणि त्याने काही बिघडतही नाही. अशा दोन-तीन भरण्यांनंतर त्यात कूलंट किती आणि पाणी किती हे मालकालाही ठाऊक नसते. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसते पाणी शून्याला गोठते आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. ही वाढ इंजिनच्या बिडाला तडा देऊ शकते. रात्री कसलाही आवाज येत नाही. सकाळी बर्फ वितळल्यावर गाडीखाली डबके दिसते. निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये पाच मिनिटांत होणारी ही एक तपासणी, ती न केल्याने होणाऱ्या खर्चाच्या मानाने जवळपास फुकटच म्हणावी लागेल.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण खोळंबा करणाऱ्या. ओल्या रस्त्यावरून आलेल्या गाडीचा हँडब्रेक रात्री ओढून ठेवला तर तो गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. काचेवरचा बर्फ गरम पाण्याने काढू नये, काच तडकते. मोठ्या डिझेल गाड्यांत युरियाचे जे द्रावण घालतात ते उणे ११ अंशांना गोठते. टाकीत त्यासाठी हीटर असतो, तेव्हा दिवा लागला तरी घाबरून न जाता मालकाचे पुस्तक उघडावे. ते पुस्तक गाडीत असते, सहसा कोऱ्या पिशवीतच.

गंमत अशी की गाडी बिघडायला या मार्गावरील सर्वांत चांगली जागा म्हणजे खुद्द बोगदा. आत दर १५० मीटरवर दूरध्वनी, दर २५० मीटरवर कॅमेरा, दर ६० मीटरवर अग्निशमनासाठी पाण्याची सोय, आणि रस्त्याच्या खाली सुटकेचा निराळा मार्ग आहे. बाहेर हिमवादळ चालू असले तरी आत रस्ता कोरडा असतो. खरी परीक्षा असते ती दक्षिणेकडील तोंडापासून सोलंगपर्यंतच्या उतारावर. दिवसा उन्हाने कडेचा बर्फ वितळतो आणि पाण्याचे ओघळ रस्त्यावरून वाहतात. तिसऱ्या प्रहरी ऊन डोंगरामागे जाते आणि त्याच ओघळांचा पातळ, पारदर्शक बर्फ होतो. खालचे डांबर त्यातून स्वच्छ दिसते, म्हणून चालकाला रस्ता नुसता ओला वाटतो. नेमक्या याच वेळी सिस्सू पाहून परतणारी सारी वाहने एकदम उतारावर येतात. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर बर्फ पडला तेव्हा सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान सुमारे हजार वाहने अडकली आणि पोलिसांनी पर्यटकांना तेथून बाहेर काढले.

बर्फ पडला की पोलीस सोलंगपुढे केवळ चारही चाकांना गती असलेली किंवा साखळ्या लावलेली वाहने सोडतात. साखळ्या मनालीत भाड्याने मिळतात. आपल्या बहुतेक कुटुंबाच्या गाड्यांची गती पुढच्या चाकांना असते. साखळ्याही पुढेच लावायच्या. त्या मागे लावून निघालेले आणि वळणावर जागच्या जागी फिरत राहिलेले गृहस्थ तेथे दर हिवाळ्यात भेटतात. उतरताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकला शक्यतो हात, म्हणजे पाय, लावू नये.

अशा रांगेत गाडी थांबली, पुढे दरड किंवा हिमस्खलन झालेले आहे, बाहेर अंधार पडत आहे, आणि गाडीत दोन मुले व सत्तरीचे आजोबा आहेत, अशी कल्पना करावी. या वेळी बंद पडलेले इंजिन हे संकट वाटते. प्रत्यक्षात चालू राहिलेले इंजिन अधिक घातक ठरू शकते. याचा दाखला दूरचा नाही. पाकिस्तानात इस्लामाबादजवळ मरी हे थंड हवेचे गाव आहे. ७ जानेवारी २०२२ च्या रात्री बर्फ पाहायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या तेथे हिमवादळात अडकल्या आणि सकाळपर्यंत वीसहून अधिक माणसे आपापल्या गाड्यांत मृत्यू पावली. त्यांत एक पोलीस अधिकारी आणि त्याचे कुटुंबीय होते.  काचा बंद, हीटर चालू, आणि धूर सोडणारी नळी बर्फाखाली गाडली गेलेली. बाहेर जायला वाट न मिळालेला वायू गाडीत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आधी डोके जड होते, मग झोप येते. आणि दमलेल्या माणसाला झोप आल्याचे आश्चर्य वाटत नाही.

म्हणून अडकल्यावर पहिले काम खाली उतरून मागची नळी मोकळी करण्याचे, आणि बर्फ पडत असेपर्यंत दर वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ते पुन्हा करण्याचे. इंजिन तासातून दहा मिनिटे चालवावे, त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी आणि एका जाणत्या माणसाने जागे राहावे. उभ्या गाडीत इंजिन ताशी एक लिटर इंधन घेते असे धरले तरी बारा तासांच्या रात्रीला या रीतीने दोन लिटरच लागतात. पाव टाकीतही रात्र निघते. सलग चालू ठेवले तर बारा लिटर जातात आणि धोका वाढतो तो निराळाच. मुलांना मागच्या आसनावर मध्ये घ्यावे, पादत्राणे सैल करावीत, अंगावरचे ओले मोजे काढून कोरडे घालावेत. गाडी सोडून अंधारात मदत शोधायला जाऊ नये. शोधणाऱ्यांना रस्त्यावरची गाडी दिसते, हिमात चालणारा एकटा माणूस दिसत नाही. ११२ हा क्रमांक लागत असेल तोवर लावून आपण नेमके कोठे आहोत आणि कितीजण आहोत ते सांगावे. मोबाइल थंडीने लवकर उतरतो, तो आतल्या खिशात असावा. आजोबांचे इन्सुलिनही तेथेच, अंगालगत असावे. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरायचे नसते.

सामानाविषयी व्यापारी घराला वेगळे सांगायला नको, कारण प्रवासाचा डबा ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. फक्त तो डिकीत नको. डिकी गोठली की उघडत नाही. खाकरे, चणे, चिक्की, थर्मासमधील गरम पाणी, माणशी एक ब्लँकेट, विजेरी आणि एक छोटे फावडे ही सारी आसनांच्या पायाशी असावीत. प्लास्टिकच्या बाटलीतील पाणी रात्री दगड होते. एक बाटली पांघरुणात ठेवावी. तांदीच्या पेट्रोल पंपावर ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ असा फलक वर्षानुवर्षे होता. प्रवासी त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढीत, आणि ट्रकचालक तो वाचून कॅन भरून घेत.

राहिली गोष्ट विम्याची. गाडी घसरून आदळली तर सर्वंकष पॉलिसीत भरपाई मिळते. परंतु यांत्रिक किंवा विद्युत बिघाड साध्या पॉलिसीत वगळलेला असतो. गोठलेल्या पाण्याने इंजिनला तडा गेला, थिजलेल्या डिझेलने पंप बिघडला, तर तो खर्च सहसा मालकाच्याच खात्यावर पडतो. वाटेतील मदतीची जोड पॉलिसीला घेता येते, पण गाडी किती किलोमीटरपर्यंत ओढून नेतील आणि बर्फाने बंद झालेल्या मार्गावर येतील का, ही कलमे बारीक अक्षरात असतात. ती पुण्याला घरी, चष्मा लावून, निवांतपणे वाचण्याची आहेत. सोलंगच्या उतारावर पोलीस माणसांना आधी खाली नेतात आणि गाडी तेथेच राहते. रस्ता मोकळा झाल्यावर मनालीहून मिस्त्री घेऊन मालकाला पुन्हा वर जावे लागते, आणि त्या फेरीचे भाडे जाण्यापूर्वीच ठरवून घेतलेले बरे.